मामाजींच्या किनारीची कॉपी

माझं कोणी ऐकलंच नाही! "कॉम्प्युटर एक दिवस दगा देईल, फोटो दुसरीकडंही ठेवा," असं मी घसा फुटेस्तोवर सांगितलं. पण चौथी शिकलेल्या बाईवर विश्वास कोण ठेवते? जाऊ द्या. नाही ऐकलं म्हणून तर हे किस्से झाले. आजही घरात चार माणसं जमली की एक जण एक काढतो, दुसऱ्याला दुसरा आठवतो आणि मले चहा पुन्हा ठेवावा लागतो. आता सारे हसतात. तेव्हा तोंडं पाहण्यासारखी झाली होती!

* * *

आमचं अड्याळचं घर विणकराचं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जन्मभर माग चालवला. एक किनार त्यांनी स्वतःच्या डोक्यानं बसवली होती. लाल-काळे दाते आणि दर दोन दात्यांच्या मध्ये धानाची लोंबी. सारं गाव त्या किनारीला त्यांच्या नावानं ओळखायचं. मी मात्र नुसतं 'मामाजीची किनार' म्हणायची. आमच्यात सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की मी पोरीला पुढं करायची.

त्या किनारीचं एकच लुगडं घरात उरलं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा ते त्यांनाच नेसवलं. पुढं मामाजींना नीट दिसेना, हात कापायला लागले, माग विकला. किनार राहिली फक्त फोटोत. ते फोटो माझा दीर सुधाकर यानं आधीच काढून ठेवले होते, आणि होते सारे त्याच्या कॉम्प्युटरात.

* * *

तो कॉम्प्युटर आला तो दिवस मले अजून दिसतो. मागाचा खड्डा बुजवून, सारवून, बरोबर त्याच जागी टेबल ठेवलं. नारळ फोडला. सुधाकरभाऊजी म्हणाले, "वहिनी, कुंकू लावा जी."

मी काय हात आखडणारी बाई आहे? एकेका बटणाला टिकली लावली! पुढं कितीतरी दिवस कोणतंही बटण दाबा, बोट लाल!

मामाजी शेजारी खुर्ची टाकून बसले. बराच वेळ कान देऊन ऐकलं. मग म्हणाले, "चालू हाय का बंद हाय? खटखट तं काही येत नाही याची!"

त्या जागेवर खटखट नाही, हे मलेही कसंसंच वाटलं होतं. 

* * *

मी मागंच लागली. कॉपी काढा, कॉपी काढा. शेवटी एक दिवस भाऊजी छाती फुगवून आले. "घ्या वहिनी, काढली कॉपी!"

"कुठी ठेवली?"

"त्याच्यातच. बाजूलेच."

"अन् कॉम्प्युटर जळला तं?"

भाऊजी डोकं खाजवायला लागले.

"आमच्या माहेरी धानाचं बियाणं दोन घरी ठेवतात, भाऊजी. एक घर जळलं तं दुसऱ्या घरचं पेरता येते. तुम्ही दोन पोते भरले अन् एकाच घरात ठेवले! हेच शिकवते का कॉलेजात?"

"वहिनी, कॉम्प्युटर काही तणसाचा ढीग नोहे पेटाले!"

हे वाक्य मी जपून ठेवलं. पुढं कामी आलं.

* * *

माझी कटकट ऐकून आमचे हे उठले. साकोलीचा एक फोटोवाला सीडी करून देते असं त्यांनी ऐकलं होतं. आता सीडी करायची तर काय न्यायचं, हे विचारावं की नाही? यांनी सारा डब्बाच उचलला! चादरीत गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले.

कंडक्टर म्हणाला, "हे काय हाय जी?"

हे मोठ्या मायेनं म्हणाले, "याच्यात आमचे बाबा हायेत."

साऱ्या गाडीनं माना वळवल्या. बाजूची बाई उठून मागं जाऊन बसली.

कंडक्टर मात्र पक्का. म्हणाला, "म्हातारे हायेत का? मंग हाफ तिकीट!"

सीडी झाली. यांनी ती 'बरोब्बर जागी' ठेवली. कुठं ठेवली ते कोणालाच सांगितलं नाही, आणि स्वतःही विसरले.

* * *

माझ्या पल्लवीचं लग्न ठरलं. पोरगी अडून बसली, "मले आबाच्याच किनारीचं पातळ पायजे." पवनीचा विणकर म्हणाला, "फोटो आणून द्या, विणून देतो." भाऊजींनी कॉम्प्युटर चालू केला. पडदा काळा!

दुरुस्तीवाला आला, जुनी डिस्क काढून नवी बसवली. डब्बा सुरू झाला, पण आत काही नाही. कॉपी पण गेली, बाजूलेच होती ना!

भाऊजी म्हणाले, "वहिनीनं ओलं फडकं मारलं असंन."

मी म्हणाली, "मारलं असतं तं तुमच्या डोक्यावर मारलं असतं! अन् कॉम्प्युटर काही तणसाचा ढीग नोहे ना, भाऊजी?"

मग सीडीचा शोध. कपाट उपसलं, गाद्या झटकल्या. दोन सीड्या सापडल्या. एकीत कोणाची तरी बारात नाचत होती, दुसरीत नुसते भुंगे वाजत होते. पोरगी रडायला लागली. मामाजी म्हणाले, "रडू नको बाई, मी सांगतो किनार." सांगायला बसले. सहा दात्यांपर्यंत आले आणि थांबले. पुढचं त्यांना आठवेना. तसेच बोटं चाळवत बसून राहिले.

त्या दिवशी कोणी जेवलं नाही.

* * *

धान दुधात आलं होतं, पाखरं फार. मी डबा घेऊन शेतातल्या बांधीवर गेली. पाहते तं आमचं बुजगावणं लखलख करून राहिलं! गळ्यात सीडी! वाऱ्यानं गरगर फिरत होती, एकही चिमणी जवळ येत नव्हती.

दोऱ्यासकट ओरबाडली आणि पळत घरी आणली. साबणानं धुतली, पदरानं पुसली, कॉम्प्युटरात घातली. कितीतरी फोटो उघडलेच नाहीत. किनारीचा उघडला! लाल-काळे दाते, मधी लोंबी. मामाजी डोळे काचेला लावून बोटानं दाते मोजायला लागले आणि पोरगी त्यांच्या गळ्यात पडली.

मग सुरू झालं भांडण. सीडी बांधीत नेली कोणी?

हे म्हणाले, "सुधाकरचे धंदे!"

भाऊजी म्हणाले, "मी कायले नेऊ? वहिनीच नेते घरचं भंगार शेतात!"

मी सीडीचा दोरा हातात घेतला. रेशमाचा होता. त्याला विणकराची गाठ होती, ताण्याचा तुटलेला धागा सांधायची. इतकी बारीक, की बोट फिरवलं तरी लागत नाही. तशी गाठ आमच्या घरात एकच हात मारायचा, कापत असला तरी.

मामाजी काचेवरून नजर न काढता म्हणाले, "पाखरं तं नाही आली ना, बाई?"

"सांग ना माय, कोणी नेली?" पोरगी म्हणाली.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा, साऱ्यांच्या समोर, मामाजींचं नाव घेतलं.

"बळीराम!"