मडमेनं काष्टा घातला, मी सायकल चालवली

मैत्रिणींनो, मी सांगतेय, नात सई टाइप करतेय.

तिनं शाळेच्या प्रोजेक्टसाठी जुनी इंग्रजी व्यंगचित्रं छापून आणली. एकात फुगीर विजार घातलेली मडम सायकलवर, नवरा घरी पोर सांभाळतोय. मला तर तो माझ्या नऊवारीचा काष्टाच वाटला!

"आजी, दे आर लाफिंग ॲट हर!"

लहानपणी लोक हसतील म्हणूनच माझी सायकल शिकायची राहिली. म्हटलं, यल्ला, इथले अरब म्हणतात तसं, चल खाली पार्किंगमध्ये.

मुलगा म्हणाला, "आई, अख्खी बिल्डिंग हसेल."

"अरे, चित्रातल्या ह्या मडमेला हसून शंभर वर्षं झाली, ही अजून सायकलवरच आहे!"

सईनं मला तिच्या सायकलवर बसवलं, सीट धरली, मध्येच सोडली. मी भिंतीपर्यंत एकटी गेले! देव पोरीचं भलं करो. तुमचं काय राहिलंय गं, हसण्याच्या भीतीनं?