गुणावहिनीच्या बाहुलीचा खिसा

माझी गुणावहिनी बाहुली विकायच्या आधी तिचे दोन्ही डोळे जोर लावून ओढून बघते. तुम्ही हसाल. पण त्याला कारण आहे, आणि ते कारण सध्या एका गोदामात सुपरवायझर आहे.

विशाल, म्हणजे वहिनीचा मुलगा. दोन वर्षांचा असताना त्याने बाहुलीचा बटणाचा डोळा काढून गिळला. तीन दिवस आमच्या कामतघरच्या चाळीत दुसरा विषय नव्हता. माझा थोरला भाऊ लूमवर ड्युटीला गेला की यूपीचे कारागीर माग थांबवून विचारायचे, "भैया, निकला क्या?" तिसऱ्या दिवशी निघालं, तेव्हा दादाने अख्ख्या शेडला चहा पाजला. ते बटण मी स्वतः धुतलंय. चार भोकांचं, निळं.

तेव्हापासून वहिनीच्या बाहुलीला बटण नाही, मणी नाही, टिकली नाही. डोळे दोऱ्याचे, तेही सात वेळा फिरवून भरलेले. कारखान्यातून उरलेल्या कापडाचे तुकडे आणायचे, गरम पाण्यात उकळायचे, उन्हात वाळवायचे, मग शिवायचे. दादा गेल्यावर तिने कुणापुढे हात पसरला नाही तो या बाहुल्यांच्या जिवावर. निजामपुऱ्यातला दौलत खेळणीवाला महिन्याला चाळीस घ्यायचा.

एक दिवस मी पिशवी घेऊन गेलो, तर दौलतने पिशवीला हात लावला नाही.

"अनंताकाका, आता आयएसआय मार्क पायजे. खेळण्यांचा कायदा आलाय. बिनमार्काचा माल दिसला तर माझं दुकान बसेल."

"अरे, चिंधीच्या बाहुलीला कसला मार्क?"

"ते मला न्हाय ठावं. मार्क आणा, माल ठेवा. न्हायतर राम राम."

मी घरी येऊन सांगितलं. वहिनीने हातातली सुई रिळात खोचली. मग म्हणाली, "भावोजी, म्हंजे माझं काम संपलं म्हनायचं?"

आता मी चौथी पास माणूस, पण डोकं चालतं. चाळीस वर्षं भिवंडीत पॉवरलूमवर काढली. शेठ सांगेल तो छाप कापडाच्या ताग्यावर मारायचा, एवढं मला पक्कं माहीत. मार्क पाहिजे ना? मग मारू! मी खुंटीवरचं हेल्मेट काढलं. मागे तो मार्क होता, खाली बारीक आकडे.

"वहिनी, हे बघ. हे भर बाहुलीच्या पोटावर."

वहिनीने चार दिवसांत चाळीस पोटांवर तो मार्क भरला. काय सुंदर भरला! लाल दोऱ्याने, खालच्या आकड्यांसकट. हेल्मेटवरचासुद्धा त्याच्यापुढे फिका दिसत होता. मी दौलतकडे निघालोच होतो, तेवढ्यात विशालची बायको रंजिता ड्युटीवरून आली. तिने एक बाहुली उचलली, आकडे वाचले आणि उंबऱ्यावरच खाली बसली.

"काका, हा नंबर कुठनं आणला?"

"हेल्मेटचा."

"बाहुलीला हेल्मेटचा नंबर? आवो, खोटा मार्क लावला तर गुन्हा हाय! आत्याबाईंना आत टाकतील!"

"मला?" वहिनी म्हणाली. "नंबर तर भावोजींच्या हेल्मेटचा हाय."

रंजिताने मोबाइलवर वाचून दाखवलं. मार्क मिळवायचा तर तपासणी हवी, प्रयोगशाळा हवी. वहिनीची प्रयोगशाळा म्हणजे शेजारच्या मैनाचा दात येणारा मुलगा. प्रत्येक नवी बाहुली आधी तो चावून बघतो. पण सरकार त्याला धरत नाही. मात्र खाली लिहिलं होतं की, हाताने वस्तू बनवणाऱ्या कारागिराची सरकारदरबारी नोंद असेल तर त्याला मार्कातून सूट.

पुढच्या आठवड्यात ठाण्याला नोंदणीचं शिबिर होतं. तिथल्या साहेबांनी वहिनीला समोर बसवलं. "बाई, माझ्यासमोर बाहुली बनवून दाखवा." वहिनी मान वर न करता शिवत राहिली. मी मात्र मागे उभा राहून टाके मोजत होतो. कारागिराचं कार्ड नाही मिळालं तर ही बाई घरात नुसती कशी बसायची?

बाहुली झाली. साहेबांनी उलटीसुलटी केली. "डोळे निघतील का हो?"

"ओढा," वहिनी म्हणाली.

साहेबांनी ओढला.

"अजून ओढा, सायेब. आमचा विशाल याच्यापेक्षा जोरात ओढायचा."

साहेब इरेला पेटले. उभे राहिले, बाहुली पोटाशी धरली, दात आवळून हिसका दिला. टक्कन आवाज झाला आणि काहीतरी टेबलाखाली घरंगळलं. बघतो तर बाहुली टकामका बघतेय आणि साहेबांच्या सदऱ्याचं पोटावरचं बटण गायब!

वहिनी टेबलाखाली वाकली, बटण शोधलं, दोरा ओवला. "हलू नका, टोचंल." साहेब पोट आत ओढून उभे, रांगेतली माणसं तोंडाला पदर-रुमाल लावून. बटण लावून झाल्यावर वहिनी म्हणाली, "आता ओढून बघा."

साहेबांनी ओढलं नाही. सरळ सही केली.

कार्ड आलं, दौलतने त्याची झेरॉक्स गल्ल्यामागे चिकटवली. राहिल्या त्या चाळीस बाहुल्या. लाल दोरा उसवला, पण पोटावर भोकंच भोकं. वहिनीने प्रत्येक पोटावर एकेक खिसा शिवून टाकला आणि त्या दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

आठ दिवसांत दौलतचा फोन. "काका, चाळीसच्या चाळीस गेल्या! पोरं खिशात गोळ्या ठेवतात. बिनखिशाची आता कुणी घेत न्हाय. ही आयडिया कुणाची वो?"

मी वहिनीकडे बघितलं. ती दात दोऱ्याला लावून हसत होती.

"सांगा की भावोजी," ती म्हणाली. "आन् हेल्मेटबी दाखवा."