जाळीवरची विड्याची पानं

बाळांनो, घरातला जुना कॉम्प्युटर यंदा दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी बिघडला. एकदम बंद नाही पडला. बटण दाबलं की चालू व्हायचा, दहा मिनिटं शहाण्यासारखा चालायचा आणि मग काही न सांगता पडदा काळा. लगेच बटण दाबून उपयोग नसायचा. अर्धा तास थांबलं की पुन्हा दहा मिनिटं.

माझा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात कार्डं लावण्यात गेला, त्यामुळे कॉम्प्युटरच्या दुखण्यांचीही मी एक वही केली आहे. डावीकडे लक्षण, उजवीकडे उपाय. आवाज येत नसेल तर स्पीकरची वायर बघणे. माऊस हलत नसेल तर सेल बदलणे. प्रिंटर कुरकुरत असेल तर अडकलेला कागद हळू ओढणे, हिसका न देणे. काहीच सुचत नसेल तर सगळं बंद करून पुन्हा चालू करणे. पण ‘दहा मिनिटांनी काळा’ हे लक्षण वहीत नव्हतं. पडद्यावर इंग्रजीतून सूचना यायच्या. मला इंग्रजी येतं. ते मला काय करायला सांगतंय, हे मात्र कळत नव्हतं.

तुमच्या बाबाला फोन केला.

“आई, तू काय दाबलंस?”

“मी काही दाबलं नाही.”

“काहीतरी दाबलं असशील. आठव.”

हा प्रश्न मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकला आहे, की हल्ली त्याचा रागही येत नाही. नुसतं बसावंसं वाटतं. त्याने सांगितलं म्हणून मी टेबलाखाली वाकून सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. स्टॅबिलायझर बदलून पाहिला. उठताना गुडघ्याने दाद दिली नाही, म्हणून तिथेच खाली बसून राहिले आणि फोन कानाला लावला.

“जाऊ दे ना आता, आई,” तो म्हणाला. “चौदा वर्षांचा डबा आहे तो. मी नवा लॅपटॉप पाठवतो.”

“आणि फोटो?”

“फोटो क्लाउडवर असतील की.”

“कुणी टाकले? मी टाकले नाहीत. तुझ्या बाबांनी टाकले असतील असं तुला वाटतं?”

मी फोन ठेवला.

ते फोटो कसले, हे तुम्हाला सांगायला हवं. तुमच्या आजोबांच्या घराण्याचा एक जाड अल्बम होता. अक्कलकोटकडचे काका, आत्या, मळ्यातली माणसं, लग्नाच्या पंगती. त्यातला कोण कोणाचा कोण, हे मला कधीच नीट कळलं नाही. मी सून म्हणून आले तोवर निम्मी माणसं गेलेली होती. अल्बमला वाळवी लागली तेव्हा आजोबांनी एकेक फोटो स्कॅन केला आणि प्रत्येकाला नाव दिलं. दोन बोटांनी टाइप करायचे. दोन उन्हाळे लागले.

काम संपलं तशी मी अल्बम बाहेर काढला.

“राहू दे ग तो,” ते म्हणाले.

“पुस्तकांच्या कपाटात वाळवी जाईल. आणि सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे ना आता?”

“आहे की.”

“मग?”

मग मी तो जाळायला दिला. घर नीटनेटकं ठेवण्याची मला जी हौस आहे, तिच्यापायी. या मे महिन्यात आजोबा गेले. आता ती माणसं आणि त्यांची नावं फक्त त्या दहा मिनिटं चालणाऱ्या डब्यात होती. डबा कायमचा गेला तर तुमच्या पणजोबांच्या पिढीला ओळखणारं या घरात कोणी उरणार नव्हतं, आणि ते माझ्या हातून झालेलं असणार होतं.

मी त्या दहा-दहा मिनिटांत पेन ड्राइव्हवर फोटो घ्यायचा प्रयत्न केला. थोडे गेले की पडदा काळा. कोणते गेले, कोणते राहिले, ते कळेना. यादी करायला बसले तर यादीच्या मधेच काळा. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वही मिटली आणि मागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवालीला बोलावलं.

ही चाळिशीची बाई. माहेर-सासर दोन्हीकडे मागावर काम करणारी माणसं, घरात तेलुगू. हिने मात्र पुढच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान थाटलं आहे. मला मावशी म्हणते, म्हणून मीही अगं-तुगं करते. आल्या आल्या तिने डब्यावरचं झाकण उचललं. जुन्या चादरीचा चांगला भाग कापून मीच शिवलेलं होतं ते.

“काय ओ मावशी, सोलापूरच्या उन्हात ह्याला चादर पांघरताय व्हय?”

“धूळ जाऊ नये म्हणून. चालू असताना काढते मी.”

“काढता ते बरंय. पण ह्याचे धागे आत गेले असणार लई.”

तिने स्क्रू काढले आणि डब्याची बाजू उघडली. आत टॉर्च धरला आणि हसायलाच लागली.

“मावशी, आत लग्न लावलंय काय कुणाचं?”

मी वाकून पाहिलं. आतला पंखा थांबलेला होता. पात्यांच्या खाली तांदळाचे दाणे अडकले होते, कुंकू लागलेले. सगळीकडे भस्माची पांढरी पूड आणि झेंडूची एक वाळकी पाकळी.

तुमचे आजोबा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यंत्रं सांभाळायचे. खंडेनवमीला तिथल्या यंत्रांची पूजा व्हायची. निवृत्तीनंतर हाताखाली यंत्र उरलं ते एवढंच, म्हणून ते दर खंडेनवमीला कॉम्प्युटरला भस्माचे तीन पट्टे ओढायचे, फूल ठेवायचे, अक्षता टाकायचे. मी स्वयंपाकघरातून थट्टा करायची. “आता त्याला नैवेद्य काय, पुरण का?” यंदा ते नव्हते. माझा विश्वास नसला तरी पूजा चुकवावीशी वाटली नाही. पहिल्यांदाच मी ती केली, आणि ते करायचे तशीच, अगदी सढळ हाताने.

“पंखा फिरत न्हाय, मग ते तापतंय. तापलं की आपण होऊन बंद होतंय, जळू नये म्हणून,” ती म्हणाली. “पण ह्याआधी कधी असं झालं नव्हतं?”

“नाही. ते इतकी वर्षं करत होते.”

“मग ते वर काहीतरी झाकत असणार. ही बघा, वरनं जाळी हाय. आमच्या मागावर पण आधी कागद घालतात की, मग हळद-कुंकू. सुताला लागू नये म्हणून.”

तेव्हा मला विड्याची पानं आठवली. ते आधी डब्यावर ओल्या फडक्याने पुसलेली विड्याची पानं मांडायचे, एकावर एक चढवून, कौलांसारखी. मग त्यावर बाकी सगळं. मला तो पूजेचाच भाग वाटायचा, आणि यंदा बाजारात पानं बरी मिळाली नाहीत म्हणून मी तो गाळला होता. पूजा झाल्यावर ते एकेक पान वरच्या अक्षतांसकट अलगद उचलायचे, हेही आठवलं. ते यंत्रांतले होते. मी स्वयंपाकघरातून बघत होते, पण नीट बघत नव्हते.

तिने ब्रशने दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले, पंखा स्वच्छ केला, बटण दाबलं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. आम्ही दोघी चहा प्यालो. पडदा तसाच उजळ.

“आता आधी फोटो बाहेर काढा,” ती म्हणाली. “दोन ठिकाणी ठेवा. मशीनवर माया करू नका एवढी.”

फोटो सगळे होते. त्या दुपारी मी एकेक उघडून नावं वाचत गेले, वहीत उतरवत गेले. मळा, मोठे काका. आत्याचं लग्न, डावीकडून तिसरी ती आत्या. आणि मग एक नाव आलं: ‘गोत्तिल्ला, अक्काला विचारणे.’ गोत्तिल्ला म्हणजे आजोबांच्या घरच्या कानडीत ‘माहीत नाही’. पुढच्या फोटोवरही तेच. त्याच्या पुढेही तेच. असे एकोणीस निघाले. मी समजत होते, काम पूर्ण झालं आहे. म्हणूनच तर अल्बम जाळला होता.

अक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण, अक्कलकोटला असते. नव्वदीची आहे. फोन केला.

“फोनवर मला काय दिसतंय ग? घेऊन ये की हितं.”

खरं सांगते, मला एसटीत बसायचं जिवावर आलं होतं. एकोणीस फोटो मोठे करून छापले, क्रमांक घातले आणि गेले. अक्का खाटेवर बसून होती. तिने पहिला फोटो भिंगाखाली धरला. आठ-नऊ वर्षांची मुलगी, काखेत शेळीचं करडू, कपाळाला आठ्या.

तिने भिंग खाली ठेवलं.

“काय लिवलंय त्यानं ह्याच्यावर?”

“गोत्तिल्ला.”

“मीच की ग ही!” ती म्हणाली. “बघ, बघ मेल्याचं. मलाच वळखलं न्हाय.” आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. “विचारायचं न्हाय व्हय मग?”

“ते विचारणार होते,” मी म्हणाले.

मी पेन्सिलीने फोटोच्या मागे तिचं नाव लिहिलं. दुसरा फोटो तिने भिंगाखाली धरला, मान हलवली आणि बाजूला ठेवला. तिसराही. मी त्यांच्या मागे काही लिहिलं नाही. चौथा बाजूला ठेवता ठेवता तिने परत जवळ ओढला आणि पुन्हा भिंग मागितलं.