सोऱ्यातून पाडलेले खांब

बायकोबरोबर मी शेवटचं काम केलं ते खारी हाकलायचं. अमेरिकेत फ्रिस्कोला मुलाच्या घरामागं आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसलो होतो आणि समोर ताटांत एका ग्रीक देवळाचे खांब वाळत होते.

नातीला सोमवारी शाळेत प्रोजेक्ट द्यायचं होतं. प्रिएने म्हणून जुनं ग्रीक शहर आहे, आता तुर्कस्तानात पडलंय; तिथलं देऊळ करायचं होतं. मी चौथी शिकलेला, पण उभा जन्म गवंडीकाम केलं. फोटो बघूनच म्हटलं, दगड चांगला बसवलाय. खांबांना वरून खालपर्यंत खाचा होत्या. त्या काढायला मी चाकू घेऊन बसलो, तर बायको म्हणाली, "सरका." तिनं मिठाची कणीक सोऱ्यात भरली, चकलीची चकती लावली आणि खाचांसकट सरळ खांब पाडले. गवंड्याचं नाक कापलं बाईनं.

"आजी, फक्त पाच उभे. बाकीचे ब्रोकन," नात म्हणाली.

"मी जन्मात मोडकं बांधलं नाही," मी म्हटलं.

"यवतमाळातली संडासाची भिंत आठवा," बायको म्हणाली.

समुद्र कुठं दाखवायचा विचारलं, तर नात म्हणाली, समुद्र नाहीच. नदीनं गाळ आणून बुजवला, आता तिथं कापूस पिकतो.

"कापूस? मग आपलीच माणसं की!" बायकोनं औषधाच्या डब्यातला सगळा कापूस हिरव्या कागदावर चिकटवला. एवढं पीक आमच्या रानात कधी आलं नव्हतं.

खांबांना दोन दिवसांचं ऊन लागणार होतं. पहिल्याच दिवशी खारीनं दोन पळवले. मी मोठ्यानं शिवी हासडली.

"अहो, हळू. शेजारीण ऐकतेय."

"तिला मराठी कुठं कळतं?"

"सूर कळतो."

त्याच संध्याकाळी बायको पाणी प्यायला आत गेली आणि ओट्यापाशी पडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मला रडू आलं नाही, राग आला. सांगून तरी जायचं.

रविवारी सकाळी घर माणसांनी भरलं. मुलगा म्हणाला, "बाबा, शाळेला कळवतो. प्रोजेक्ट कॅन्सल करू."

नात ताटं धरून बसली होती. "आजीचे खांब फेकणार?"

"कोण फेकतो बघू," मी म्हटलं. "खालून ओले आहेत अजून. ऊठ."

तिला हाताशी घेतलं, ताटं उन्हात नेली आणि एकेक खांब उलटा केला.