बाळा भावोजींची होडी गोल फिरली

आमच्या खाडीकाठी कुणी देवचाराची, भुताखेताची गोष्ट काढली, की मी उठून भांडी घासायला जायची. तेव्हा हे मी लिहितेय म्हणजे काय ते समजा...

माझे यजमान विजयदुर्गच्या खाडीत तरीची होडी चालवायचे. लोकांना या काठावरून त्या काठावर न्यायचे. त्यांच्यासोबत मीही वल्हं मारायची. पाण्यावर असलं की मला भूकसुद्धा लागायची नाही! ते आजारी पडले तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "होडी हिची." ते गेल्यावर धाकटे दीर, बाळा भावोजी, म्हणाले, "विधवेचा पाय लागला की होडी बाटते." होडी परस्पर विकून टाकली. आणि वर गावभर सांगितलं — वहिनीनंच विकायला लावली, पाण्याकडे बघवत नाही तिला. माझी लेक मेघनासुद्धा तेच खरं मानून वाढली. मी गप्प राहिले. पाण्यात मात्र परत पाय घातला नाही.

आता मी मेघनाकडे असते, नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला. या उन्हाळ्यात भावोजी त्यांच्या इथल्या मुलाकडे आले होते. मेघनानं हौसेनं आम्हा दोघांना जंगलाजवळच्या तळ्यावर नेलं. तिथे होड्या भाड्यानं मिळतात, प्लास्टिकच्या.

भावोजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही बाकावर बसा. आम्ही अजून पाळतो."

"काका, इथे कोण बघतंय?" मेघना हसली.

"मी वेगळी होडी घेते," मी म्हटलं. चपला काढल्या, नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला, हात लावून कपाळाला लावला. यजमानांची शिस्तच तशी... जोडा घालून कुणी होडीत चढलं तर ते उतरवायचे. भावोजी बूट घालूनच चढले, मेघनाला घेऊन.

वल्हं हातात आलं आणि काय सांगू... खांदे दुखतील म्हणून घाबरत होते, पण हातांना सगळं आठवत होतं. मी मोठ्यानं हसले, एकटीच!

तेवढ्यात खालून आवाज आला. टक् टक्. निघताना यजमान वल्ह्यानं फळीवर असेच दोनदा ठोकायचे. होडी प्लास्टिकची, आवाज लाकडाचा.

मागे वळून बघते तर भावोजींची होडी गोल गोल फिरतेय. वारा नाही, लाट नाही. जन्म पाण्यावर गेलेला माणूस, दोन्ही वल्ही मारून घामाघूम! दर फेरीला नाळ माझ्याकडे वळायची आणि क्षणभर थांबायची.

"वहिनी, दोरी टाका!"

"नको बाई. माझा पाय लागायचा तुमच्या होडीला."

"मस्करी पुरे हो!"

"मेघनाला सांगा आधी. होडी कुणाची होती?"

फिरता फिरता त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "दादानं... तुम्हाला दिली होती. मी विकली. तुम्हाला न विचारता."

"आई?" मेघना एवढंच म्हणाली.

"आता बूट काढा," मी म्हटलं. त्यांनी बूट काढले, आणि होडी थांबली. तेव्हा कुठे मी दोरी टाकली आणि ओढत काठाला आणली, हो, मीच.

होडीवाल्या डच मुलानं ती तपासली, स्वतः चालवून बघितली. सरळ गेली. टक् टक् मात्र मेघनानंही ऐकलं होतं, तिनं आपणहून विचारलं. भावोजी तो विषय काढू देत नाहीत.

हे काय होतं, मला अजून उमगलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा. फक्त 'आता माफ करा त्यांना' असं कुणी लिहू नका. शनिवारी मी तळ्यावर असते, आणि पाणी मला तसं काही सांगत नाही.