स्टाफरूममधली पॉलिशची पेटी

चामड्याची वस्तू पावसाळ्यात कपाटात बंद करून ठेवली की तिच्यावर बुरशी येते. कुणाला आणायला जावं लागत नाही. आमच्या स्टाफरूममधल्या किश्श्यांचंही तसंच आहे. एक खोली, दोन पंखे, दिवसातून चार वेळा चहा आणि दाराबाहेर डॉक्टर व्हायला निघालेली अख्ख्या मराठवाड्याची पोरं! किस्से साठणार नाहीत तर काय होईल?

मी लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको.

* * *

सुरुवात शेख सरांपासून करू. शेख सर बायॉलॉजीचे. क्लासनं आम्हा सगळ्यांना लॅपटॉप दिले, तेव्हा सरांनी हौसेनं हैदराबादहून खऱ्या चामड्याची बॅग आणली. श्रावणात तिच्यावर पांढरे ठिपके आले.

"फंगस आहे, माझाच विषय!" असं म्हणून सरांनी ती बॅग धुण्याच्या पावडरमध्ये घोळवली आणि पाऊस उघडल्यावर गच्चीवर कडक उन्हात दोन दिवस वाळत टाकली.

तिसऱ्या दिवशी बॅग स्टाफरूममध्ये आली ती लाकडाच्या फळीसारखी! टेबलावर ठेवली तर आपली आपण उभी. आत लॅपटॉप जाईना, झाकण दुमडेना. सर तिच्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, ही उभी राहिली आणि मी बसलो."

मी दुसऱ्या दिवशी औशाहून अण्णांची जुनी पेटी घेऊन आले; दुकानासाठी त्यांनी नवी केलीय. अण्णा म्हणजे माझे वडील. पेटीत ब्रश, फडकी, एरंडेलाची बाटली, पॉलिशचे डबे, सुई, दोरा. बॅग ओलसर फडक्यानं पुसली, पंख्याखाली सावलीत वाळवली, मग बोटाला लागेल एवढंच तेल घेऊन हळूहळू जिरवलं. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी बॅग वाकायला लागली.

"हे तुम्हाला कसं येतं?" सरांनी विचारलं.

"माझे वडील चांभार आहेत. औशाच्या स्टँडसमोर बसतात."

कुणी चहाच्या कपात बघायला लागलं, कुणी मोबाईलमध्ये. मला ही शांतता शाळेपासून पाठ आहे. मी काहीतरी कडक बोलणारच होते, तेवढ्यात शेख सर खवळले.

"इतके दिवस बोलला का नाहीत? माझे तीन बूट वाया गेले ना!"

त्या दिवसापासून पेटी माझ्या कपाटात राहिली. खालच्या कप्प्यात पेटी, वरच्या कप्प्यात लॅपटॉप.

* * *

दुसरे आमचे कुलकर्णी सर. गणिताचे. हिशेबाला पक्के, पण हाताला बेताल माणूस.

त्यांच्या टॅबलेटला मुलीनं चामड्याचं कव्हर दिलं होतं. माझं बघून त्यांनीही घरी प्रयोग केला. मी सांगितलं होतं, "सर, बोटाला लागेल एवढंच तेल." सरांना वाटलं, एवढ्याशानं काय होतंय? त्यांनी परातीत कव्हर ठेवलं, वरून खोबरेल तेल ओतलं आणि रात्रभर मुरू दिलं. टॅबलेट काढायचा असतो, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं!

सकाळी टॅबलेटमधून आवाज येईना. बोट फिरवावं तर नुसतं घसरतंय. सर तो पिशवीत घालून मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं तो उघडला, आत वाकून बघितलं, वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "सर, कैऱ्या कुठं गेल्या?"

* * *

आता पेटीचं सांगते, कारण पुढं सगळं तिच्यावरूनच झालं.

भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमच्या दुकानाची मागची भिंत पडली. अण्णांनी दगडमातीतून ही पेटी बाहेर काढली. झाकणाची एक बिजागरी तुटली होती, ती आजपर्यंत तशीच आहे. ते झाकण धरूनच पेटी उचलावी लागते.

मदतीचे ट्रक यायला लागले. कपडे, भांडी आणि बुटांचे ढीगच्या ढीग. देणाऱ्यांनी मन मोठं करून दिलं होतं, पण जोड्या बांधायचं कुणाला सुचलं नव्हतं! अण्णा मला घेऊन पडलेल्या गावांकडं गेले आणि रस्त्याच्या कडेला पेटी मांडून बसले. मी ढिगातून जोड्या लावायचे, ते शिवायचे. एकाला दोन्ही डावेच मिळाले होते. अण्णांनी एक उसवला, फिरवून उजवा केला आणि त्याच्या पायात घातला.

तिथं पाहणी करायला एक साहेब आले. त्यांच्या खांद्यावर जाडजूड चामड्याची बॅग होती आणि तिचा पट्टा तुटायला आला होता. बॅगेत कॉम्प्युटर! मी आयुष्यात बघितलेला पहिला लॅपटॉप तो. सुटकेसएवढा होता.

अण्णांनी पट्टा हातात घेतला. "साहेब, ह्यात काय असतं?"

"यादी आहे. गावं, घरं, राहिलेली माणसं, गेलेली माणसं."

अण्णांनी पेटीतून सगळ्यात जाड दोरा काढला. मग सुईत दोरा ओवत म्हणाले, "मग दुहेरी शिवतो."

ते साहेब पैसे देऊन राहिले होते, अण्णांनी घेतले नाहीत. मी मोठेपणी लॅपटॉप चालवायला शिकले, त्याचं कारण मला विचाराल तर हेच आहे.

* * *

आमच्या क्लासचे संचालक म्हणजे मोठे सर. त्यांनी एका वर्षी पोरांना टॅबलेट वाटले. माहितीपुस्तिकेत छापलं होतं, 'सोबत अस्सल लेदरचे कव्हर'. लातूरच्या एका उन्हाळ्यात त्या कव्हरांचे पोपडे निघायला लागले. पोरांच्या शर्टावर, वह्यांवर, डब्यात काळे तुकडे!

बिलोलीहून एका मुलाची आई आली. शेतातून थेट एसटीत बसलेली बाई. ऑफिसात कव्हर दाखवून म्हणाली, "मी खोबरेल लावलं, एरंडेल लावलं, तरी हे सोलूनच राहिलंय. काय लावू?"

मोठ्या सरांनी कव्हर उलटंपालटं केलं. ते म्हणाले, "आमच्या मॅडमना चामड्यातलं कळतं. त्यांना दाखवा." म्हणजे अडचण आली की मला चामड्यातलं कळतं!

बाई स्टाफरूममध्ये आली. मी एक पोपडा चिमट्यात धरला आणि काडी लावली. थेंब गळाला, प्लॅस्टिकचा घाण वास सुटला.

"ताई, चामडं जळलं तर जळक्या केसासारखा वास येतो. हे रेक्झिन आहे. ह्याला तूप लावलं तरी उपयोग नाही."

"मग पुस्तकात अस्सल लिवलंय ते?"

"ते मी लिहिलेलं नाही. लिहिणारे ऑफिसात बसलेत, तो समोरचा दरवाजा."

बाई त्या दरवाज्यानं आत गेली आणि लई वेळ बाहेर आली नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी मला बोलावलं. कव्हराचा विषय काढायला त्यांना तोंड नव्हतं. म्हणून त्यांनी पेटीचा काढला.

"मॅडम, स्टाफरूममध्ये पालक येतात. ते बरं दिसत नाही."

"काय बरं दिसत नाही?"

"ते... ब्रश वगैरे."

"डस्टर चालतो, फडकं चालतं, झाडू चालतो. ब्रशानं काय घोडं मारलं?"

सरांनी पेन खाली ठेवलं. "नांदेडच्या शाखेत केमिस्ट्रीला माणूस पाहिजे. निकालाच्या कार्यक्रमापर्यंत पेटी घरी गेली तर तुम्ही इथं. नाहीतर नांदेड. बघा."

मी बाहेर आले आणि हिशेब करायला लागले. लातूरहून औसा म्हणजे अर्धा-पाऊण तास. आई गेल्यापासून मी रोज संध्याकाळी शेवटची बॅच संपवून जाते, अण्णांना भाकरी करून घालते. त्यांचे गुडघे गेलेत, तरी दुकान सोडत नाहीत. नांदेडला गेले तर त्यांच्याकडं कोण बघणार? पेटी घरी नेणं सोपं होतं. पाच किलोसुद्धा वजन नाही.

पण नेली असती तर अण्णांना काय सांगितलं असतं? तुमची पेटी तिथं शोभत नाही म्हणून? मी नाही नेली. नेणारही नव्हते.

* * *

हे स्टाफरूममध्ये कळायला किती वेळ लागतो! दुसऱ्या दिवशी शेख सर घरून बुटाचा ब्रश घेऊन आले आणि आपल्या कपाटात, काचेला चिकटवून, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

त्यांच्या मागून कुलकर्णी सर आले. त्यांच्या हातात चॉकलेटी पॉलिशचा नवाकोरा डबा.

"सर, तुम्ही तर बारा महिने रबरी सँडल घालता!"

"मग?" सर गरजले. "मी पॉलिश कुठं करतोय? मी निषेध करतोय!"

मला हसू आवरेना, आणि रडूही.

* * *

निकालाचा कार्यक्रम. त्या वर्षी मोठ्या सरांची नवी कल्पना होती. पोरांबरोबर शिक्षकांच्या आईवडिलांचाही सत्कार. आदल्या दिवशी ते मला गोड आवाजात म्हणाले, "वडिलांचा परिचय आम्ही 'लेदर उद्योजक' असा देतोय. ऐकायला भारदस्त वाटतं."

"अण्णांना विचारलंत का?"

"त्यात काय विचारायचं? त्यांचा मान वाढतोय!"

सकाळी मी आले तर माझ्या कपाटाला नवं कुलूप आणि पेटी बाहेर, जिन्याखाली, पोत्यात गुंडाळलेली. म्हणजे माझं ठरवून टाकलं होतं त्यांनी. मी पोतं सोडलं, पेटी पुसली आणि तशीच हॉलमध्ये घेऊन जाऊन मांडीवर ठेवून तिसऱ्या रांगेत बसले. बदलीचा कागद मिळाला तर मिळाला. पेटी पोत्यात जाणार नाही!

अण्णा औशाहून आले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा. शेजारी बसता बसता विचारलं, "पेटी हितं कशी?"

"कपाटात जागा नाही म्हणतात."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, स्टेजकडं बघितलं. "बरं," एवढंच म्हणाले.

माईकवर कुलकर्णी सर होते. हातात मोठ्या सरांनी लिहून दिलेला कागद. खुद्द मोठे सर स्टेजच्या पायऱ्यांपाशी हार घेऊन उभे. एकेक आईवडील वर जात होते, फोटो निघत होते. मग कुलकर्णी सरांनी घसा खाकरला.

"यानंतर औशाचे सुप्रसिद्ध लेदर उद्योजक..." आणि अण्णांचं नाव घेतलं.

अण्णा हलले नाहीत. मागं वळून बघायला लागले.

सरांनी पुन्हा वाचलं. "लेदर उद्योजक..."

अण्णा आता अर्धवट उठून मागच्या रांगा बघून राहिले. मोठे सर मला डोळ्यांनी खुणावत होते, उठवा, उठवा! मी त्यांच्याकडं बघत राहिले आणि हात पेटीवरून काढला नाही.

तिसऱ्यांदा नाव घेतल्यावर अण्णा उभे राहिले. त्यांचा आवाज मोठा, स्टँडवर बसून कमावलेला. माईक लागत नाही.

"सर, ते उद्योजक काय आल्याले दिसत न्हाईत. त्यांच्या जागी औशाचा चांभार आला तर चालंल का?"

सगळ्या माना अण्णांकडं वळल्या. कुलकर्णी सरांनी हातातला कागद चुरगाळून खिशात घातला आणि माईकमध्ये ओरडले, "चालेल? अहो, पळेल!"

पहिली टाळी कुणाची होती माहीत नाही. शेख सर म्हणतात त्यांची. मागून बायकांच्या घोळक्यातून, पोरांच्या रांगांमधून टाळ्या यायला लागल्या, थांबेचनात. अण्णांनी वाकून माझ्या मांडीवरची पेटी उचलली, काखेत मारली आणि हळूहळू स्टेजकडं निघाले. पायऱ्या तीन, कठडा नाही. पहिल्या पायरीशी ते थांबले. गुडघ्यावर हात ठेवल्याशिवाय त्यांना चढता येत नाही. त्यांनी मोठ्या सरांकडं बघितलं आणि पेटी पुढं केली.

"साहेब, जरा धरा."

मोठ्या सरांनी हार खांद्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी पेटी घेतली. घेणार नाहीत तर काय करणार? अख्खा हॉल बघत होता.

"सर, इकडं बघा!" फोटोग्राफर ओरडला आणि फ्लॅश उडाला.

"सांभाळून साहेब," अण्णा वर चढता चढता म्हणाले, "झाकण सैल हाय."