सरदारांच्या नाट्यगृहाचं मागचं दार

इंदापूरच्या बाजूला एका गढीत जुनं नाट्यगृह आहे. सरदार आणि त्यांचे पाहुणे यांच्यासाठीच बांधलेलं. त्याला दार एकच, तेही गढीच्या आतल्या चौकात. माझे वडील सरदारांच्या पागेत घोड्यांना वैरण घालत. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून त्यांना नाटकातली पदं पाठ झाली होती. नाटक मात्र त्यांनी एकही पाहिलं नव्हतं.

पुढे मी गुळाच्या धंद्यात पडलो. तोवर नाट्यगृह पडीक झालं होतं. ते गोदामासाठी भाड्यानं घेतलं. ट्रॅक्टरची ट्रॉली आत यावी म्हणून वारसांच्या परवानगीनं मागची भिंत फोडून दार केलं. गळक्या छतावर पत्रे टाकले. दरबाराचं चित्र असलेला पडदा उंदीर कुरतडत होते. तो वारसांनी मला देऊन टाकला. गणपतीत गुळाच्या ढेपी बाजूला सारून गावातली मंडळी तिथं नाटक बसवायची. सगळा गाव मागच्या दारानं यायचा. वडील आले तेही त्याच दारानं. नाटक सोडून ते छताकडेच बघत बसले होते.

मग वारसांनी नाट्यगृह जुन्या वास्तूंच्या जतन समितीकडे सोपवलं आणि माझं गोदाम हललं.

"काका, हे दार मूळचं नाही, बुजवावं लागेल," पुण्याच्या वास्तुतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "आणि तो पडदा आम्हाला हवाय."

"पडदा फुकट घ्या. दार ठिवा."

"असा सौदा नसतो हो. वास्तू होती तशीच करायची असते."

"व्हती तशी? मग तिकिटं कुणाला इकणार? सरदारांच्या पाव्हण्यांना?"

माझा आवाज चढला. बाई नकाशा गुंडाळून निघून गेल्या. दार बुजलं. पडदा माझ्या दुकानाच्या माळ्यावरच राहिला.

काम संपल्यावर समितीनं प्रयोगांसाठी परवानगी मागितली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, आग लागली तर माणसं बाहेर कुठून पडणार? एका दारावर परवानगी मिळेना. दोन बाजूंना गढीच्या खोल्या होत्या. शेवटी नव्या विटा काढून माझंच दार पुन्हा उघडलं.

बाई दुकानात आल्या. "काका, दार ठेवलं."

"तुमी न्हाय ठिवलं. ठिवावं लागलं."

"बरं, तसं. पडदा?"

सौदा तो सौदा. मी पडदा उतरवला. त्याला गुळाचा वास येत होता.

"मुंग्या लागतील याला," बाई म्हणाल्या.

"दरबार हाय, बाई. मुंग्या असायच्याच."

आता बाहेर नाट्यगृहाचा इतिहास लिहिलेला फलक आहे. त्यात माझ्या वाट्याला एकच ओळ: मधल्या काळात गोदाम म्हणून गैरवापर. ती बदला म्हणून मी तीनदा भांडलो. विषय समितीपुढे आहे म्हणतात.

प्रयोगाला मी मागूनच जातो. त्या दारावर 'आपत्कालीन मार्ग' अशी पाटी आहे.

"आबा, पुढनं या की," राखणदार म्हणतो. "तिकीट हाय तुमच्याकडं."

"माझा बाप हितनं आला हुता. उघड."

कुरकुरत का होईना, तो उघडतो.